गाण्याला जन्मदाखला हवा!

संपादकांचे पत्र आले, त्यात लिहिले होते, "काहीतरी खुसखुशीत पाठवा, अंक घरातली सगळी मंडळी वाचतात." खुसखुशीत लिहावे असा माझाही विचार होता. परंतु एका हातात चकली आणि दुसऱ्या हातात अंक घेऊन बसलेल्या वाचकाने मला क्षमा करावी. यंदा मी भांडायला बसलो आहे. भांडण सातासमुद्रापलीकडच्या एका संस्थेशी आहे. लॉस एंजेलिस शहरात बसून ती जगातल्या चित्रपटांना सोनेरी बाहुल्या वाटते, आणि त्या बाहुल्यांना ऑस्कर म्हणतात. माझ्या भांडणाची तिला दाद ना फिर्याद! तरी ते मांडल्यावाचून राहवत नाही, कारण त्या संस्थेने गाण्यासंबंधी जे नियम केले आहेत, तसलाच एक नियम मीही एकदा केला होता आणि त्याची बोचणी अजून गेलेली नाही. ती हकीकत पुढे येईलच.

२०२३ च्या मार्चमधला तो सोमवार तुम्हांलाही आठवत असेल. पहाटे दूध येण्यापूर्वी आमचे घर दूरदर्शन-संचापुढे जमले होते. 'आरआरआर' या तेलुगू चित्रपटातले नाचाचे गाणे त्या वर्षीच्या पाच गाण्यांत होते. राहुल सिप्लीगुंज आणि काल भैरव या दोन गायकांनी ते त्या भव्य रंगमंचावर गायिले, सभागृह उठून उभे राहिले, आणि थोड्या वेळाने बक्षीसही त्याच गाण्याला मिळाले. संगीतकार कीरवाणी आणि गीतकार चंद्रबोस बाहुल्या घेऊन गेले. आमच्याकडे सौभाग्यवतींनी सर्वांच्या हातावर साखर ठेवली. एवढ्यात माझी नात म्हणाली, "आजोबा, पण गाणारे कुठे आहेत? त्यांना का नाही दिली?"

मी म्हणालो, "बाळ, तसा नियम आहे. बाहुली गाणे लिहिणाऱ्याला आणि चाल लावणाऱ्याला."

"आणि गाणाऱ्याला?"

"गाणाऱ्याला टाळ्या."

या उत्तराने तिचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. कारण हे भांडण आपल्याकडे एकदा होऊन गेलेले आहे. 'फिल्मफेअर'ची पारितोषिके १९५४ साली सुरू झाली, त्यात संगीत-दिग्दर्शकाला मान होता, पण गाणाऱ्याला नव्हता. १९५७ साली 'चोरी चोरी'च्या संगीताबद्दल शंकर-जयकिशन यांना पारितोषिक मिळाले, आणि समारंभात लताबाईंनी त्यातले गाणे म्हणावे अशी त्यांना विनंती झाली. लताबाईंनी साफ नकार दिला. बक्षीस संगीतकाराला आहे, मग गाण्याविना नुसते वाद्यसंगीत वाजवा, असा त्यांचा रोखठोक जबाब होता. १९५९ साली पार्श्वगायनाचे पारितोषिक सुरू झाले आणि पहिले लताबाईंनाच मिळाले, 'मधुमती'तल्या गाण्याबद्दल. गीतकाराचे पारितोषिकही त्याच वर्षापासून. एका बाईच्या एका नकाराने जे मुंबईत झाले, ते लॉस एंजेलिसमध्ये आजवर झालेले नाही. तिथे गाण्याचे पारितोषिक १९३४ च्या चित्रपटांपासून आहे. म्हणजे नव्वद वर्षे उलटून गेली. एवढ्या काळात ज्या गळ्यांनी ती गाणी जगभर नेली, त्यांतल्या एकालाही केवळ गायिल्याबद्दल ती बाहुली मिळालेली नाही. चालही आपली असेल किंवा शब्द आपले असतील, तरच गाणारा त्या दारातून आत जातो.

पण हा माझ्या भांडणाचा लहान भाग झाला. मोठा भाग 'मूळ' या शब्दाचा आहे. गाणे 'मूळ' असले पाहिजे, म्हणजे शब्द आणि चाल ही दोन्ही खास त्या चित्रपटासाठीच केलेली असली पाहिजेत, असा तो नियम आहे. हा नियम कसा आला, हे ऐकण्यासारखे आहे.

१९४० साली जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. ती बातमी ऐकून ऑस्कर हॅमरस्टाइन या गीतकाराने गमावलेल्या पॅरिसवर एक गीत लिहिले आणि जेरोम कर्न याने त्याला चाल लावली. ते गाणे आधीच लोकांच्या ओठांवर गेले आणि मागाहून १९४१ च्या 'लेडी बी गुड' या चित्रपटात घालण्यात आले. त्या वर्षीचे पारितोषिक त्यालाच मिळाले. आता गंमत पाहा: सर्वांत अधिक नाराज झाला तो स्वतः कर्न! त्याचे म्हणणे असे की, आपले गाणे चित्रपटासाठी लिहिलेले नव्हते. बक्षीस हॅरोल्ड आर्लेन आणि जॉनी मर्सर यांच्या गाण्याला जायला हवे होते. त्याने आग्रह धरला, आणि मग नियम बदलला.

असा माणूस दिसला की हात जोडावेत. स्वतःच्या घरात आलेले बक्षीस चुकीने आले असे सांगणारे किती निघतील? कर्नचा हेतू शुद्ध होता आणि त्या घटकेला नियमही रास्त होता. नाहीतर निर्मात्यांनी दरवर्षी जुनी लोकप्रिय गाणी चित्रपटात कोंबली असती आणि नव्या गीतकाराच्या हाती काही लागले नसते. एवढे मी कबूल करतो. पण तक्रार नियमाच्या जन्माबद्दल नसून त्याच्या म्हातारपणाबद्दल आहे. प्रामाणिक माणसाने घातलेले कुंपण पुढे शेतच खाऊ लागले.

कसे ते सांगतो. रंगभूमीवरचा गाजलेला संगीतपट पडद्यावर येतो तेव्हा त्यातले एकही गाणे या नियमात बसत नाही. 'वेस्ट साइड स्टोरी'ला १९६१ च्या चित्रपटांत दहा ऑस्कर मिळाले. छायाचित्रण, वेषभूषा, ध्वनी, काय म्हणाल ते. फक्त गाण्याचे नाही! ज्या चित्रपटातून गाणी काढली तर एक गल्लीतली मारामारी तेवढी उरेल, तो गाण्याच्या पारितोषिकाला अपात्र. 'माय फेअर लेडी'चे तेच. त्या काळी निदान दुसरी एक सोय होती. संगीतपटातल्या संगीताची मांडणी, रूपांतर करणाऱ्याला वेगळे पारितोषिक असे. 'माय फेअर लेडी'साठी आंद्रे प्रेव्हिनला आणि 'कॅबरे'साठी राल्फ बर्न्सला ते मिळाले. पुढे ती सोयही बंद झाली. आता उरले ते एकच दार, आणि त्या दारावर जन्मदाखला मागणारा भालदार.

दाखला नसला की माणूस काय करतो? नवा करून आणतो. 'एव्हिता' १९९६ साली पडद्यावर आला, तेव्हा त्यात एक नवे गाणे घातले आणि ऑस्कर मिळवले. ते गाणे चांगले आहे, याबद्दल माझा वाद नाही. मरणाच्या वाटेवरची ती बाई ते गाते तेव्हा गळा दाटून येतो. पण वाट सापडली ती सापडलीच! २००२ च्या 'शिकागो'त नवे गाणे आले ते चित्रपट संपल्यावर, नामावली वर सरकत असताना. २००४ च्या 'फँटम ऑफ द ऑपेरा'तही तसेच, नामावलीवर. आणि त्यातली मौज अशी की, मिनी ड्रायव्हर या नटीचे चित्रपटातले गाणे दुसऱ्या गायिकेच्या आवाजात आहे, आणि शेवटचे नामावलीचे गाणे मात्र तिचे स्वतःचे! २०१२ च्या 'ले मिझराब्ल'मध्ये एक नवे गाणे, २०२५ च्या 'विकेड : फॉर गुड'मध्ये दोन. 'शिकागो', 'फँटम' आणि 'ले मिझराब्ल' यांची ती गाणी पहिल्या पाचांत आलीसुद्धा. म्हणजे पंचवीस गाण्यांचे भरलेले ताट समोर आहे, पंचपक्वान्ने आहेत, आणि परीक्षक म्हणतात, आम्ही फक्त मागाहून वाढलेली कोशिंबीर चाखून पाहणार!

नामावलीची सवलतही नियमातच आहे. गाणे चित्रपटाच्या पोटात तरी असावे, नाहीतर शेवटच्या नामावलीत वाजणारे पहिले गाणे तरी असावे. दुसरे असेल तर चालणार नाही. प्रेक्षक खुर्चीखाली चपला शोधत असताना जे पहिले कानांवर पडते ते चित्रपटातले गाणे, आणि तो दारापर्यंत पोहोचल्यावर लागते ते नव्हे! ही सवलत देणाऱ्यांनी कथेसाठी गाणे आणि गाण्यासाठी जागा यांतला फरकच पुसून टाकला. 'आरआरआर'मधले गाणे कथेच्या पोटातले आहे. साहेबाच्या मेजवानीत अपमान झालेले दोन मित्र त्या नाचाने साहेबाला दमवतात. ते गाणे काढले तर कथेचा एक सांधा निखळेल. २००९ साली रहमान आणि गुलजार यांना ज्या गाण्याबद्दल मान मिळाला ते 'स्लमडॉग मिलियनेअर'च्या शेवटी, कथा आटोपल्यावर, मुंबईच्या बोरीबंदर स्टेशनच्या फलाटावर नाचले जाते. मला दोन्हींचा आनंद झाला आणि दोन्ही वेळा आम्ही साखर खाल्ली. पण दोन्ही गाणी एकाच मापाने मोजली गेली, हे विसरता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेच्या घरातले धुणे आमच्या दिवाळीत कशाला? म्हणूनच जरा आपल्या घरात चला. किर्लोस्करांचे 'सौभद्र' १८८२ सालचे. त्यातल्या पदांच्या चाली कुठून आल्या? ओवी, साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातल्या चाली, कर्नाटकातून आलेल्या चाली. १९११ च्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंब्यांनी ज्या चाली दिल्या त्यांच्यामागे हिंदुस्थानी संगीतातल्या बंदिशी आणि ठुमऱ्या उभ्या होत्या. म्हणजे शब्द नवे, पण चाल आधीची! उद्या जर अण्णासाहेब आणि गोविंदराव त्या संस्थेच्या दारात उभे राहिले, तर भालदार विचारील, "चाल खास याच खेळासाठी केली काय?" अण्णासाहेब म्हणतील, "नाही बुवा, चाल आमच्या आजीची." "मग चला, बाजूला व्हा!" याच टेंब्यांनी पुढे १९३२ साली 'अयोध्येचा राजा'ला संगीत दिले आणि त्यात हरिश्चंद्राची भूमिकाही केली. मराठी बोलपट बोलू लागला तोच मुळी नाटकाचे गाणे तोंडात घेऊन. ज्याचे मूळच उसन्यावारीत आहे, त्या कलेकडे 'मूळ' दाखवा म्हणणे म्हणजे गंगेकडे तिचे पाणी स्वतःचे आहे काय असे विचारणे होय.

आपल्या सरकारी पारितोषिकांची मी उगाच स्तुती करीत नाही. १९६७ पर्यंत त्यांनाही संगीताची आठवण झाली नव्हती. 'श्यामची आई'ला १९५४ साली पहिले राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, तेव्हा संगीतासाठी वेगळे पारितोषिकच नव्हते. पण पुढे सुरू झाले तेव्हा गाणाऱ्याचे स्थान त्यांनी ओळखले. 'बालगंधर्व' चित्रपटासाठी आनंद भाटे यांनी बालगंधर्वांची पदे गायिली, आणि २०११ चे गायनाचे राष्ट्रीय पारितोषिक त्यांना मिळाले. जुनी पदे, जुन्या चाली, पण गळा आजचा. 'कट्यार काळजात घुसली' हे १९६७ सालचे नाटक मी सांगलीला एकविसाव्या वर्षी पाहिले, अभिषेकीबुवांच्या चाली कानांत घेऊन रात्री पायी घरी आलो. २०१५ च्या दिवाळीत त्याचा चित्रपट आला. त्यात बुवांच्या चाली होत्या आणि शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्याही होत्या. माझ्या शेजारी बसलेली नात नव्यावर डोलत होती, मी जुन्यावर. चित्रपट संपल्यावर तिला कोणते गाणे कोणत्या सालचे ते सांगता येईना. त्याच चित्रपटासाठी महेश काळे यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. आता ही गाणी कात्रीने कापून, इकडची पात्र, तिकडची अपात्र, असे दोन ढीग करायचे म्हणजे काय करायचे?

मला ठाऊक आहे काय करायचे, कारण मी केले आहे. ही ती हकीकत. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका मंडळाने दिवाळी पहाटेला गाण्याची स्पर्धा ठेवली आणि मला परीक्षक नेमले. मी पेटी वाजवतो एवढीच माझी पात्रता. नियम करताना मला हुशारी सुचली. दरवर्षी लोक तीच ती ध्वनिमुद्रिकेतली गाणी म्हणतात, म्हणून मी लिहिले : 'शब्द व चाल दोन्ही स्पर्धकाची स्वतःची असावीत.' बारा जण आले. त्यांत पलीकडच्या गल्लीतल्या एक आजी होत्या. त्यांनी लेकीवर एक गीत रचले होते. लेक लग्नानंतर दोन वर्षांत बाळंतपणात गेली होती. त्यांनी ते जात्यावरच्या ओवीच्या चालीत म्हटले. पेटी नको म्हणाल्या. अंगणात दोनशे माणसे होती आणि फराळाच्या ताटल्यांचा आवाज थांबला होता.

मी त्यांना बाद केले. चाल त्यांची नव्हती ना! पहिले बक्षीस एका तरुणाला दिले. त्याची चाल खरोखर त्याची स्वतःची होती. इतकी की, तो मंचावरून उतरेपर्यंत ती इतर कोणालाही आठवली नाही. आजींना मी नियम समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, "असू दे भाऊ. पण ओवीला दुसरी चाल कशी लावतात?" मला उत्तर देता आले नाही. पुढच्या वर्षी मी नियम बदलायला गेलो तेव्हा त्या नव्हत्या.

म्हणून मी त्या लांबच्या संस्थेवर दात खाऊन बोलतो. तिच्यात मला माझेच तोंड दिसते.

तिने नियम बदलले नाहीत असेही नाही. बदलले, पण प्रत्येक वेळी भलत्या बाजूने. २००६ च्या 'ड्रीमगर्ल्स'ची तीन गाणी पाचांत आली आणि २००७ च्या 'एन्चांटेड'चीही तीन आली. दोन्ही वेळा बक्षीस तिसऱ्यालाच मिळाले. या पराभूतांवर दया येऊन संस्थेने काय करावे? २००८ साली तिने ठरविले की, एका चित्रपटाची दोनापेक्षा अधिक गाणी घ्यायची नाहीत! म्हणजे ज्याने आयुष्य वेचून संगीतपट केला, दहा गाणी कथेत विणली, त्याच्यावर मर्यादा. आणि ज्याने शेवटी एक शेपूट चिकटवले त्याला मोकळे रान. गाण्यांना गुण देण्याची रीतही अशी काही होती की, २०११ च्या चित्रपटांतून अवघी दोनच गाणी त्या चाळणीतून खाली उतरली. दोघांत शर्यत! दुसऱ्याच वर्षी पुन्हा पाच करावी लागली.

आणि आता या भांडणातली सर्वांत चिडविणारी गोष्ट. चांगला नियम त्या संस्थेकडे आहे! २००० च्या सुमारास तिने 'मूळ संगीतपट' असा एक स्वतंत्र विभाग लिहून ठेवला. त्यात म्हटले की, एकाच गीतकार-संगीतकारांची निदान पाच नवी गाणी असावीत, ती स्पष्ट ऐकू यावीत, आणि त्यांनी कथा पुढे न्यावी. कथेला नको असलेली गाणी जमवून आणली तर ती चालणार नाहीत. गाणे कथेत कशाला असते याचे इतके नेटके उत्तर मी दुसऱ्या कोणत्याही नियमावलीत वाचलेले नाही. आपल्याकडचे कितीतरी चित्रपट या कसोटीवर नापास होतील, कारण आमचा नायक बर्फात का गातो आहे हे दिग्दर्शकालाही ठाऊक नसते. पण हा विभाग उघडायचा तो पुरेसे चित्रपट आले तरच. आणि तो आजवर एकदाही उघडलेला नाही! २०१६ च्या 'ला ला लँड'ने सगळे जग नादावले, तरीही नाही. त्या जातीचे शेवटचे पारितोषिक १९८४ च्या 'पर्पल रेन'बद्दल प्रिन्स या गायकाला मिळाले, तेव्हा माझे केस काळे होते. चांदीची भांडी कपाटात, आणि पाहुण्यांना रोज पत्रावळ!

माझे मागणे थोडके आहे. ते कपाट उघडावे. जुन्या संगीतपटांचे नव्याने रूप घडविणाऱ्यांना पूर्वीसारखी जागा द्यावी. आणि ज्याच्या गळ्यातून गाणे आले त्याचे नाव त्या बाहुलीवर कोरावे. नामावलीचे गाणे पाहिजे तर ठेवा, पण त्याला चित्रपटातले गाणे म्हणू नका.

हे सारे मी नातीला वाचून दाखविले. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही कोणत्या चित्रपटाची वाट पाहता आहात, ते लिहिलेच नाही." तेही खरे. रिचर्ड लिंकलेटर नावाच्या दिग्दर्शकाने 'मेरिली वी रोल अलाँग' या स्टीफन सॉन्डहाइमच्या १९८१ च्या संगीत नाटकावर २०१९ साली चित्रपट करायला घेतला आहे. कथा उलटी चालते; तीन मित्र मध्यमवयात तुटलेले दिसतात आणि मागे मागे जात तारुण्यात पोहोचतात. नटांचे वय खरोखरीच वाढावे म्हणून चित्रण सुमारे वीस वर्षे चालायचे आहे. सॉन्डहाइम २०२१ साली गेला. म्हणजे दाखल्यासाठी त्याच्याकडून एक नवे गाणे लिहवून घेण्याची वाटसुद्धा बंद झाली. चित्रपट पुरा होईल तेव्हा त्यातली सगळी गाणी साठीच्या घरात असतील आणि भालदार दारात उभा असेल.

नातीने बोटांवर हिशेब केला. "तेव्हा तुम्ही त्र्याण्णव वर्षांचे असाल," ती म्हणाली.

मी तिला सांगून ठेवले आहे की, दोन तिकिटे काढ, आणि माझी खुर्ची कडेची घे, मला मध्येच उठावे लागते.